माकुलाचे बिऱ्हाडकरू

समुद्रातले बिनकण्याचे प्राणी, त्यांची जनुकं आणि त्यांच्यासोबत राहणारे सूक्ष्मजीव यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : काही माकुलांच्या (स्क्विडच्या) अंगात उजेड देणारे जिवाणू असतात, असं मी वर्गात सांगितलं. एका मुलीने विचारलं, पिल्लाला ते आईकडून मिळतात का? (शिक्षिका, रत्नागिरी)

आईकडून नाही मिळत. आणि तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवलंय. याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो हवाईच्या उथळ पाण्यातल्या बॉबटेल माकुलावर. अंगठ्याएवढा हा जीव दिवसा वाळूत पुरून बसतो आणि रात्री शिकारीला निघतो. चांदण्यात खालून बघणाऱ्या माशाला त्याची काळी आकृती दिसली असती. पण पोटाकडून चांदण्याइतकाच उजेड पडतो आणि ती आकृती पुसली जाते. उजेड त्याचा स्वतःचा नाही, ‘व्हिब्रिओ फिशेरी’ या जिवाणूचा.

पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा उजेडाचा अवयव रिकामाच असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं आणि हलत्या सूक्ष्म केसांच्या जणू बाह्या. मिलीलीटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू. त्यात व्हिब्रिओ फिशेरी साधारण काहीशे. तरीही केसांवरच्या चिकट स्रावात हेच गोळा होतात, भोकांतून आत शिरतात आणि काही तासांत बिऱ्हाड थाटतात. दुसऱ्या कुणाला आत थारा नाही.

खरी गंमत पुढे आहे. बिऱ्हाडकरू आले की त्या बाह्यांमधल्या पेशी मरू लागतात आणि चार-पाच दिवसांत बाह्या झडून जातात. जिवाणू आलेच नाहीत, तर पिल्लू जगतं, पण बाह्या तशाच राहतात. आणखी एक: सुमारे बारा तासांनंतर प्रतिजैविक देऊन जिवाणू मारले तरी झड थांबत नाही. निरोप पोचलेला असतो. जीवशास्त्रज्ञ मार्गरेट मॅकफॉल-न्गाई यांच्या गटाने २००४मध्ये दाखवलं की या निरोपाचा मोठा भाग म्हणजे जिवाणूच्या भिंतीचा एक तुकडा. हाच तुकडा डांग्या खोकल्याचा जिवाणूही सोडतो आणि आपल्या श्वासनलिकेतल्या केसांच्या पेशी मारतो. रेणू तोच, एकीकडे आजार, दुसरीकडे बाळाची वाढ. शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

जाता जाता: रोज पहाटे माकूल सुमारे ९५ टक्के जिवाणू बाहेर टाकतं. उरलेले दिवसभरात पुन्हा वाढतात. आसपासच्या नव्या पिल्लांना बिऱ्हाडकरू मिळतात ते या पाण्यातून. आपल्या बाजारात येणारं माकूल वेगळ्या कुळातलं, पण त्याच्याही शाईच्या पिशवीला लागून उजेडाचे दोन लहान अवयव असतात. साफ करताना मुलांना दाखवा.

प्रश्न : पूर्ण जीनोम (प्राण्याची सगळी जनुकीय माहिती) वाचला की प्राणी कसा घडतो ते कळतं ना? मग एवढे प्रयोग कशाला? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, पुणे)

सामानाची यादी हातात आली म्हणून घर बांधता येत नाही. वरच्या उत्तरातल्या बॉबटेल माकुलाचा जीनोम २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. तो माणसाच्या जीनोमहून दीडपटीने मोठा आहे. पण बाह्या कधी झडतील याचं उत्तर फक्त त्यात शोधून सापडणार नाही, कारण अर्धा संवाद जिवाणूच्या जीनोममध्ये आहे. जपानी पाइनकोन माशात राहणाऱ्या याच जातीच्या जिवाणूला माकुलात नीट जम बसवता येत नाही. त्याच्यात ‘आरएससीएस’ नावाचं एकच जनुक घातलं आणि तो माकुलात राहू लागला. हा शोध २००९चा.

जीनोममध्ये काय ‘नाही’ यावरून निष्कर्ष काढताना तर फारच जपावं. २०११मध्ये एका अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचा जीनोम वाचला गेला. सिस्टीन हे अमिनो आम्ल बनवायला लागणारं एक नेहमीचं जनुक त्यात सापडलं नाही. म्हणजे प्रवाळ त्यासाठी आपल्या अंगात राहणाऱ्या शैवालावर अवलंबून असणार, असं मानलं गेलं. २०२२मध्ये कळलं की प्रवाळाकडे दुसरा मार्ग आहे, तोवर फक्त बुरशीत माहीत असलेला. संशोधकांनी ती जनुकं यीस्टमध्ये घालून चालतात हे तपासलं. एवढे प्रयोग कशाला, ते यासाठी.

प्रश्न : मालवणला पाण्याखाली पांढरी पडलेली प्रवाळं पाहिली. ती मेली का? (वाचक, ठाणे)

लगेच नाही. रंग आतल्या शैवालाचा असतो आणि प्रवाळाचं बरंचसं अन्नही तेच बनवतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त गरम पाणी काही आठवडे टिकलं, की ही भागीदारी मोडते; शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक मांसातून चुन्याचा सांगाडा दिसतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल पुन्हा जम बसवतं. नाही निवलं तर उपासमार. सांगाड्यावर हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर चढलेला दिसला, तर मात्र तो भाग गेला असं समजा. आणि पाय टेकवू नका, जिवंत असो वा मेलेलं.

प्रश्न : होडीच्या तळाला पांढऱ्या नळ्यांचे किडे धरतात. रंग लावूनही येतात. त्यांना जागा कशी कळते? (होडीमालक, देवगड)

आधी तळावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मग किडे. हायड्रॉइडीस नावाच्या अशा एका नळीवाल्या किड्याची पिल्लं पाण्यात तरंगत असतात आणि योग्य थर भेटेपर्यंत प्रौढ होतच नाहीत. त्या थरातला एक जिवाणू सूक्ष्म पिचकाऱ्यांचे जुडगे बनवतो, असं २०१४मध्ये दिसलं. घडण विषाणूच्या शेपटीसारखी. एकेका जुडग्यात शंभरेक. त्या पिल्लाला टोचल्या की ते तळाला चिकटतं, रूप पालटतं आणि नळी बांधायला घेतं. पिचकारी बनवू न शकणारे जिवाणू दिले तर पिल्लं तशीच पोहत राहतात.

तेव्हा किडे खरवडताना बुळबुळीत थरही पुसून काढा. तो राहिला तर पुढच्या खेपेला आमंत्रण तयारच.