ब्रेक दाबला की पेडल थरथरते

प्रश्न : भाऊ, गाडी २००९ची हाय, ८०च्या स्पीडले ब्रेक मारला का पेडल पायाखाली धडधडते, पॅड बदलले तरी तेच. (वाचक, दारव्हा)

उत्तर : दादा, नुसत्या पॅडनं हे जात नाही, बहुतेक डिस्कची, म्हणजे पॅड जिला दाबतात त्या चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीची, जाडी सगळीकडे सारखी राहिली नसते. स्टेअरिंगपण हलत असेल तर समोरच्या डिस्क बघा, नुसतं पेडल आन सीट हलत असेल तर मागच्या चाकातले ब्रेकचे ड्रम. डिस्क काढली की हबवरचा (डिस्क ज्यावर बसते तो चाकाचा मधला भाग) गंज वायर ब्रशनं घासाच, पावसाळाभर वावरात उभ्या गाडीला तिथं तांबडी खपली धरते आन मग नवी डिस्कपण वाकडी बसते. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर लेथवर घासू नका, दोन्ही बाजूच्या नव्याच टाका.