हशावर बोलू नकोस

रामबाग, इंदूर

चि. बेटा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर एका दमात तीन बातम्या दिल्यास. मालिकेत काम मिळालं, गोरेगावला खोली ठरली, आणि आता हप्त्यांवर गाडी घेऊन टाकू का. पहिल्या दोन ऐकून इतका आनंद झाला की तुझ्या काकूला झोपेतून उठवून सांगितलं. तिसरीवर मी नुसतं ‘थांब जरा’ म्हणालो. का थांब, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सकाळीच लिहायला बसलोय.

१९९७ साली मीही असाच हवेत होतो. वय चाळिशीपुढे, एक मालिका जोरात चाललेली, रस्त्यात लोक पात्राच्या नावाने हाक मारायचे. मी बोरिवलीला फ्लॅट घेतला. हप्ता महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त, आणि व्याजाचे दर आजच्या जवळजवळ दुप्पट. त्यात मिळकत म्हणजे हातातला पैसा नव्हे, नुसतं येणं. आज केलेल्या कामाचा चेक ९० दिवसांनी निघायचा. टीव्हीत आजही बहुतेक ठिकाणी तसंच आहे, तू ते धरूनच चाल. एका शुक्रवारी मालिका बंद झाल्याचं कळलं आणि मागच्या तीन महिन्यांचे पैसे निर्मात्याकडेच राहिले. आजतागायत राहिलेत.

त्याच आठवड्यात नाटकाचा दौरा इंदूरला लागला. घरच्या गावात प्रयोग. समोर शाळेतले मास्तर, शेजारी, बहिणी. मी घरमालक होतो. दुसऱ्या अंकात भाडेकरू म्हणतो, ‘थकलेलं भाडं आज देतो’, आणि मी खुर्चीतून उठता उठता तसाच परत बसतो. काही न बोलता. तिथे हशा यायचाच. हशा कसा असतो ते तुला आता कळायला लागलंय. पुढच्या रांगांतून उठतो, मागे जाईपर्यंत चढतो, बाल्कनीतून परत खाली येतो आणि मग ओसरायला लागतो. ओसरत असताना, पुरता विरायच्या आत, पुढचं वाक्य टाकायचं. त्या रात्री मी तो चढत असतानाच बोललो. वाक्य वाहून गेलं. ते कुणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून त्याच्या आधारावरचं पुढचं वाक्यही पडलं. एकदा नाही, एका अंकात तीनदा.

पडदा पडल्यावर विंगेत आमचे एक ज्येष्ठ नट चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभे होते. ते एवढंच म्हणाले, “आज हशावर बोललास. घाई कसली होती?”

मला माहीत होतं घाई कसली होती. हप्त्याची सात तारीख आली होती.

त्यानंतरच्या वर्षात हप्त्यासाठी मी दोन कामं अशी घेतली की आजही कुणी त्यांचं नाव काढलं तर मी विषय बदलतो. फ्लॅट वाचला. पण त्या दोन कामांनी माझी पत उतरली, आणि पत उतरली की नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, उतरते. ती परत चढवायला मला सहा वर्षं लागली. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे आणि तुला पटेपर्यंत मी ते सांगत राहणार: विनोदी नटाचा पैसा थांबता यावं म्हणून असतो. रंगमंचावर दोन सेकंद, आयुष्यात सहा-आठ महिने.

जॉनी वॉकर आपल्या इंदूरचे. बद्रुद्दीन काझी. वडील इथल्या गिरणीत कामाला. गिरणी बंद पडली तसं घर मुंबईला गेलं आणि मुलगा बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर झाला. बलराज साहनींनी त्याला हेरलं, गुरुदत्तांनी १९५१च्या ‘बाजी’त घेतलं. पुढे वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कामाचा पूर होता. मला त्यांचं सगळ्यात काय आवडतं सांगू? विनोदाची पातळी घसरतेय असं वाटायला लागलं तेव्हा त्यांनी काम कमी करत आणलं, आणि बऱ्याच वर्षांनी १९९७ साली ‘चाची ४२०’मध्ये थोडा वेळ परत दिसले. नको म्हणायला नुसता स्वाभिमान पुरत नाही बेटा, घरात धान्य भरलेलं लागतं.

आणखी एक बघ. दादा कोंडके अपना बाजारमध्ये नोकरीला होते. अशोक सराफ स्टेट बँकेत, प्रशांत दामले बेस्टमध्ये, जॉनी लिव्हर हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात. लोक हे कौतुकाने सांगतात, की बघा कुठून कुठे गेले. मला त्यात दुसरंच दिसतं. या माणसांना एक तारखेची सवय होती. ठरावीक रक्कम हातात, त्यात महिना काढायचा. नोकरी सुटली की तो पगार बंद होतो. मग आपणच तो आपल्याला द्यायचा असतो.

तुझेच आकडे घेऊ. सगळं मिळून वर्षाला ९ लाख येतील असं तू म्हणालीस. ते एकाच खात्यात येऊ देत, आणि त्या खात्याचं कार्ड इथे इंदूरला आईच्या कपाटात राहू दे. दर एक तारखेला त्यातून ३५,००० दुसऱ्या खात्यात टाकायचे. तो तुझा पगार. भाडं, रिक्षा, डबा, कपडे, मैत्रिणींबरोबरचा चहा, सगळं त्यातून. जाहिरात लागली तरी ३५,०००, पाच आठवडे घरी बसलीस तरी ३५,०००. वर्षाचे झाले ४ लाख २० हजार. उरलेल्या ४ लाख ८० हजारांतून मॅनेजरचं कमिशन जाईल, कर बसत असेल तर तो जाईल. बाकीच्याची बँकेत मुदत ठेव, आणि एक वर्षाचा पूर्ण पगार साठेपर्यंत तिला हात लावायचा नाही. दीड वर्ष लागेल. त्या दीड वर्षात गाडीचा विषय नको.

मग पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं, मग म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं. पीपीएफमध्ये वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, मुदत १५ वर्षांची. सध्याचा ७.१ टक्के दर तसाच राहिला असं धरलं तर भरलेल्या साडेबावीस लाखांचे चाळीस लाखांवर होतात. तू तेव्हा चाळिशीला आलेली असशील. चाळिशीनंतर बायकांना कसली कामं येतात ते काकूला विचार. टायमिंग तिचं माझ्याहून सरस, आणि तिला एकेचाळिसाव्या वर्षापासून सासवा आल्या, फक्त सासवा.

पण बचतीने माणूस उभा राहतो, एवढंच. संपत्ती होते ती मालकीने. नाईट कितीही वाढली तरी ज्या दिवशी तू उभी राहणार नाहीस त्या दिवशी शून्य.

दादा कोंडक्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’चे दीड हजारांवर प्रयोग केले. म्हणजे दीड हजार रात्री लोक कशाला हसतात ते समोर उभं राहून पाहिलं, आणि मग १९७१ साली ‘सोंगाड्या’ स्वतः काढला. नुसतं काम केलं असतं तर फी एकदा मिळाली असती. निर्माते होते म्हणून गल्ला त्यांचा. पुढे नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले, गिनीज बुकात नोंद झाली.

भगवानदादांचं नावही मी घेणार आहे, आणि हात जोडून घेतो. ‘अलबेला’ १९५१चा, निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, नायक तेच. जुहूला बंगला, दारात गाड्या, चेंबूरला स्टुडिओ. नंतरचे चित्रपट पडले आणि त्यांच्यामागोमाग स्टुडिओ गेला, गाड्या गेल्या, बंगला गेला. म्हातारपण दादरच्या चाळीत गेलं. ज्यांच्या नाचाची नक्कल अमिताभ बच्चनपासून सगळ्यांनी केली, त्या माणसाला दोष देणारा मी कोण! आणि यात नशिबाचा भाग नाही असंही मी म्हणत नाही. तरी तुझ्यापुरतं एवढं लक्षात ठेव: मालकी हवी, पण ती राहत्या घरावर उभी करायची नाही. उद्या नाटक काढायचं झालं तर घातलेले सगळेच्या सगळे पैसे बुडाले तरी एक तारखेचा पगार चुकणार नाही, तेवढेच घालायचे.

आता तुझ्या मालकीची गोष्ट. तुझ्याकडे आत्ता एक आहे, तुला कळलेलं नाही. आत्या.

गणेशोत्सवात तू ती पहिल्यांदा केलीस तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होतो. पर्स पोटाशी धरलेली, ‘मी येऊन राहिले ना’ म्हणत पंधरा मिनिटं दारातच बोलत राहणारी आपली इंदुरी आत्या. आजूबाजूच्या बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. ती तू लिहिलीस, तू उभी केलीस. आणि ती आता मालिकेत हवी आहे.

सराफ्यात रात्री आपण गराडू खायला जातो, त्या दुकानाची पायरी आठव. दिवसा आत सोन्याचा तराजू. शटर पडलं की त्याच पायरीपुढे भुट्ट्याच्या किसाची कढई. एकाच जागेवर दोनदा कमाई होते, कारण जागा कुणी विकून टाकलेली नाही. आत्याही अशीच ठेव. मालिकेत ती येऊ दे, रंगमंचावर तुझ्याकडे राहू दे, उद्या तिचं नाटक होऊ दे, कुणी जाहिरातीसाठी मागितली तर तुला विचारायला येऊ दे.

त्यासाठी कागद लागतो. कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. नोंदणी सक्तीची नाही, पण कधी लिहिलं ते दाखवता आलं पाहिजे. म्हणून आत्याचे सगळे प्रवेश आजच टाइप कर, तारखेसह स्वतःला ईमेल कर. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन तिथेही नोंदवता येतील. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरतो. म्हणूनच तर करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द इतक्या ठामपणे छापलेले असतात. सही करताना ते दोन शब्द बोटाने शोधायचे. सापडले की पेन खाली ठेवायचं.

आणि प्रयोग सोडू नकोस. मालिका बंद करणं दुसऱ्याच्या हातात असतं, प्रयोग आपल्या हातात असतो. इथे मराठी नाटकं आणणाऱ्या सानंद न्यासाचे सभासद गटागटाने नाटक बघतात, त्यामुळे मुंबईहून आलेलं नाटक इथे एकाच प्रवासखर्चात लागोपाठ प्रयोग करून जातं. म्हणून निर्मात्यांना इंदूरचा दौरा परवडतो. हे गणित तू आत्तापासून वहीत मांडायला शीक: बस किती, हॉटेल किती, लाइट किती, माणसं किती, आणि कितव्या प्रयोगापासून पैसे उरतात. प्रशांत दामल्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ला १२,५००वा प्रयोग केला. नाटक ते स्वतः काढतात, तिकीटबारीवर किती गेलं ते त्यांना पाठ असतं. या धंद्यातली जमीनजुमला म्हणावी अशी गोष्ट मला तरी तीच दिसते.

बाकीचं भराभर. आरोग्य विमा याच महिन्यात घे. आपल्याला कंपनी नाही, आजारपणाची रजा नाही, आवाज बसला की त्या दिवसाचे पैसे बुडतात. चेकमधून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. रिटर्न भरलंस तरच, जास्तीचा असेल तो, परत येतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जायला लागली की जीएसटीसाठी सीएकडे जा. नात्यातल्या कुणाला उसने देशील ते पगारातून दे, मोठ्या खात्यातून नाही. इथे तुझ्या आईला राग येईल, तिच्याशी मी बोलेन.

एक वही कर. माझी अजून आहे, काकूने जुन्या साडीचं कव्हर घालून दिलेली. तारीख, काम, ठरले किती, आले किती, राहिले किती. राहिलेल्यांचा रकाना लाल पेनाने. महिन्यातून एकदा त्या रकान्यातल्या प्रत्येकाला फोन करायचा, गोड आवाजात, न लाजता. लाजेपायी मी जे घालवले त्यात बोरिवलीचा फ्लॅट दोन वर्षं आधी फिटला असता.

करारातला तो अकरावा मुद्दा तू वाचून दाखवलास, ‘कलाकाराने साकारलेली सर्व पात्रे निर्मात्याची राहतील’. त्याच्या जागी हे लिहून माग: ‘मालिकेसाठी लिहिलेली पात्रे निर्मात्याची. कलाकार आधीपासून सादर करीत असलेले आत्या हे पात्र व त्याचे लेखन कलाकाराचे. मालिकेत वापरण्याची परवानगी तीन वर्षांसाठी.’ ते लगेच नाही म्हणतील. तू काही बोलू नकोस. समोरचा बोलून पुरता थांबेपर्यंत थांब, जशी दारात उभी असलेली आत्या थांबते. तरीही नाहीच म्हणाले तर ‘घरी विचारून सांगते’ म्हण आणि मला फोन कर.

शुक्रवारी सुट्टी आहे म्हणालीस ना? गुरुवारी संध्याकाळची अवंतिका एक्सप्रेस पकड, सकाळी पोह्यांच्या वेळेला पोचशील. कराराची सगळी पानं आण, नुसतं सहीचं नको.

तुझा,
काका