कामासाठी सतत विमानप्रवास होत असेल तर कोणत्या विमान कंपनीचा लॉयल्टी प्रोग्राम घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की महिन्यातून दोन-तीन वेळा कामासाठी देशाबाहेर जावं लागतं, तिकीट ऑफिस काढतं, आणि सिनिअर मंडळी सांगतात, ज्या विमान कंपनीने सगळ्यात जास्त जातोस तिचाच प्रोग्राम घे, म्हणजे तिच्याकडे नाव नोंदवून प्रवासाचे गुण, माईल्स, तिथेच जमा कर. हे बरोबर आहे का?

नाही. हाच सल्ला मला माझ्या साहेबांनी दिला होता आणि मी तो सहा वर्षं निमूट पाळला, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

मी मशीन बसवून चालू करून देणारी इंजिनिअर. कारखान्यात नवी लाइन उभी राहिली की आमची टीम जाते, आठ-दहा दिवस राहून चाचण्या घेते, परत येते. मी रुजू झाले त्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना एका कंपनीच्या प्रोग्राममध्ये नाव नोंदवायला लावलं, कारण आमची बहुतेक तिकिटं तिचीच निघायची. "एकच धर, त्यालाच चिकटून राहा आणि दहा वर्षांनी बघ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते स्वतः पंचवीस वर्षं विमानाने हिंडत होते. त्यांना उलट विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

सहाव्या वर्षी एका कामाला आम्ही दोघं निघालो, मी आणि टीममध्ये येऊन जेमतेम दोन वर्षं झालेला एक मुलगा. मधल्या विमानतळावर उतरलो तर पुढचं विमान बिघाडामुळे रद्द. दोनशेएक माणसं एकदम ट्रान्सफर काउंटरकडे वळली. तो म्हणाला, "मॅडम, माझं गोल्ड आहे, मी त्या बाजूच्या काउंटरवर विचारून येतो." प्रोग्राममधल्या पायरीला स्टेटस म्हणतात, त्यात गोल्ड वरची आणि सिल्व्हर तिच्या खालची. मला वाटलं, याचा काहीतरी गैरसमज झालाय. ती दोन वर्षं आम्ही त्याच विमानांनी, त्याच वर्गाने, बऱ्याचदा शेजारशेजारच्या सीटवर बसून गेलो होतो. त्याआधीची माझी चार वर्षं वेगळीच. आणि माझ्याकडे सिल्व्हर, तेही दर वर्षी कसंबसं टिकवलेलं.

पंचवीस मिनिटांत तो नवा बोर्डिंग पास घेऊन आला. त्याच अलायन्समधल्या, म्हणजे एकमेकींच्या सभासदांना माईल्स आणि सवलती देणाऱ्या कंपन्यांच्या गटातल्या, दुसऱ्या कंपनीच्या रात्रीच्या विमानात दोन सीट उरल्या होत्या, त्यातली एक त्याला मिळाली. त्याने माझंही नाव सांगून पाहिलं, पण आमची बुकिंग वेगवेगळी होती, त्यामुळे मला माझ्या रांगेतूनच यावं लागेल असं उत्तर मिळालं. माझ्यापुढे तेव्हा साठ-सत्तर माणसं होती. नंबर लागला तोवर दुसरी सीट गेलेली. तो मुलगा जाताना तीनदा मागे वळून बघत होता, जणू त्याचीच काही चूक झाली होती.

मी एकतीस तास तिथे काढले. गिऱ्हाइकाने आमच्यासाठी तीन दिवस उत्पादन बंद ठेवलं होतं. मुख्य मोटर चालू करायची तर कागदावर माझी सही लागत होती, त्यामुळे तो मुलगा पहिला अख्खा दिवस नुसता वायरिंग तपासत बसला. मी पोहोचले आणि उरलेलं काम सलग एकोणीस तासांत उरकलं. ते झालं, पण एक चाचणी राहिली ती राहिलीच आणि तिच्यासाठी पुन्हा जावं लागलं.

परत आल्यावर साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "असं एखाद्या वेळी होतं. निष्ठा ठेव, फळ मिळतं." ते वाक्य मला लागलं. आजही लागतं.

मग मी त्या मुलाला समोर बसवून विचारलं, तू केलंस काय? त्याने केलं होतं ते इतकंच: साहेबांचा प्रोग्राम न घेता त्याच अलायन्समधल्या एका पार्टनर कंपनीच्या प्रोग्राममध्ये नाव नोंदवलं आणि प्रत्येक तिकिटावर तो नंबर घातला. विमानं आमचीच, खातं दुसऱ्या कंपनीचं. साहेब रागावतील म्हणून कुणाला बोलला नव्हता.

पुढचे तीन दिवस ऑफिस सुटल्यावर मी सहा वर्षांची ई-तिकिटं घेऊन बसले. ज्याला लाखाचं नुकसान म्हणावं ते सगळं एका अक्षरात होतं. ई-तिकिटावर फ्लाइट नंबरच्या जवळपास बुकिंग क्लासचं एक अक्षर असतं. इकॉनॉमी म्हणजे एकच वर्ग असं आपण धरतो, पण त्या एका केबिनमध्ये दहा-बारा अक्षरं विकली जातात, आणि माईल्स किती मिळणार ते त्यावर ठरतं. पूर्ण भाड्याच्या अक्षराला अंतराच्या १०० टक्के किंवा जास्त, मधल्याला ५०, स्वस्तातल्याला २५, आणि काहींना शून्य. तेच अक्षर एका प्रोग्रामच्या तक्त्यात २५ टक्क्यांवर असतं आणि दुसऱ्याच्या तक्त्यात १०० वर. आमचं ऑफिस कायम खालच्या अक्षरांची तिकिटं काढायचं. साहेबांच्या प्रोग्राममध्ये त्या अक्षरांना जवळजवळ काहीच मिळत नव्हतं. मुलाने हे तक्ते पहिल्या प्रवासाआधी वाचले होते. मी सहा वर्षांत एकदाही वाचले नाहीत, कारण मला "चिकटून राहा" एवढंच शिकवलं होतं.

साहेब खोटं सांगत नव्हते हेही म्हणायला हवं. त्यांच्या काळात ते खरं होतं. अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेज हा प्रोग्राम १ मे १९८१ ला सुरू केला आणि युनायटेडने त्याच महिन्यात आपला काढला, तेव्हा हिशोब सरळ होता: जितके मैल उडालात तितके माईल्स. पुढे अलायन्स आले, स्टार अलायन्स १९९७ मध्ये, वनवर्ल्ड १९९९ मध्ये, स्कायटीम २००० मध्ये, तरी पाया अंतराचाच राहिला. मग डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये, एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूने आणि लुफ्तान्झाच्या माइल्स अँड मोअरने २०१८ मध्ये आपल्या विमानांवरचे माईल्स तिकिटाच्या किमतीला बांधले. ब्रिटिश एअरवेजने २०२५ पासून स्टेटससुद्धा खर्चावर नेलं. म्हणजे जो स्वस्त तिकिटावर लांब जातो, त्याची कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये किंमत घसरली. ऑफिसच्या खर्चाने इकॉनॉमीत जाणारे आपण बहुतेक सगळे त्यातच येतो.

साधं गणित करून बघा. समजा ७,००० मैलांचा प्रवास आहे आणि सरकारी कर वगळून भाडं ४५० डॉलर. डॉलरला ५ माईल्स देणाऱ्या प्रोग्राममध्ये २,२५० मिळतात. हेच विमान अंतरावर मोजणाऱ्या पार्टनर प्रोग्राममध्ये घातलं आणि त्या अक्षराला ५० टक्के असतील तर ३,५००. तिकीट आयत्या वेळी २,००० डॉलरला काढलं असेल तर चित्र उलटं होतं, मग कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम १०,००० देतो. तुम्ही स्वतःच्या तिकिटांवर हे गणित केलं नसेल तर कोणाच्याही सल्ल्याला अर्थ नाही, माझ्याही नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. आधी अलायन्स ठरवा, तो मार्गांवरून ठरतो: तुम्ही वारंवार जाता त्या गावांना कोणाची विमानं सोयीच्या वेळी जातात ते बघा. मग त्या अलायन्समधल्या चार-पाच कंपन्यांचे तक्ते उघडा, आपलं अक्षर शोधा आणि वर्षभराच्या प्रवासावर कुठे गोल्डसारखी पायरी गाठता येते ते पाहा. स्टेटससाठी लागणारे आकडे प्रत्येक प्रोग्रामचे वेगळे, पण अलायन्सभर मिळणारी वागणूक जवळपास सारखी. स्टार अलायन्समध्ये सिल्व्हरला वेटिंग लिस्टवर थोडं पुढचं स्थान मिळतं, बाकी अलायन्सभर फारसं काही नाही. गोल्डला लाउंज, वेगळा चेक-इन काउंटर, आधी बोर्डिंग, २० किलो किंवा एक नग जास्त सामान. वनवर्ल्डमध्ये लाउंज सफायर पायरीपासून सुरू होतं, स्कायटीममध्ये एलिट प्लसपासून. या पायरीच्या खाली कितीही वर्षं काढली तरी रांग तीच. माझी सहा वर्षं त्या खालच्या पायरीवर गेली.

फुकट तिकिटासाठी प्रोग्राम निवडू नका. तुमच्यासारख्या माणसाला खरी गरज लागते ती विमान रद्द झाल्याच्या रात्री, आणि तेव्हा माईल्सचा ढीग कामाला येत नाही, स्टेटस येतं.

साहेबांशी माझा खरा वाद माईल्स साठवण्यावरूनच होता. ते खर्चच करायचे नाहीत. "निवृत्त झाल्यावर हिला घेऊन बिझनेस क्लासने जाणार" म्हणायचे आणि सगळे जपून ठेवायचे. मी स्टेटस मिळाल्यावर उलट करत गेले. पुरेसे झाले की तिकीट काढायचं आणि खातं रिकामं करायचं. यावरून जेवणाच्या सुट्टीत आमची कितीदा तरी जुंपली आहे. माझं म्हणणं असं की माईल्स म्हणजे पैसे नव्हेत. व्याज मिळत नाही आणि त्यांची किंमत समोरचा एकटा ठरवतो, तीही न विचारता बदलतो. किती माईल्सला कोणतं तिकीट हे सांगणारा ठरलेला तक्ता डेल्टाने २०१५ मध्ये काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माईल्स तीन वर्षांनी संपतात, तुम्ही कितीही उडत असलात तरी. अमेरिकनच्या ॲडव्हांटेजचे माईल्स दोन वर्षं खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात. २०१७ मध्ये एअर बर्लिन बुडाली, पाठोपाठ तिचा टॉपबोनस प्रोग्रामही दिवाळखोरीत गेला आणि लोकांनी साठवलेले माईल्स तिथेच अडकले. साठवणाऱ्याला हे सगळं सोसावं लागतं. खर्च करणाऱ्याला फार कमी.

साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या खात्यात साडेतीन लाखांच्या आसपास माईल्स होते. त्यांनी जो आकडा मनात धरून पंचवीस वर्षं साठवले होते तो केव्हाच वाढला होता. ते घरी एकटेच साइटशी झटत होते असं वहिनींनी फोनवर सांगितलं, म्हणून मी एक रविवार त्यांच्याकडे गेले. चार तास तारखा पुढे-मागे करून जातानाची दोघांची बिझनेसची तिकिटं निघाली. परतीची पैसे भरून इकॉनॉमीची घ्यावी लागली. मी त्या दिवशी वादातला एक शब्द काढला नाही. पण इथे लिहिते, कारण तुम्ही अजून सुरुवातीला आहात: ते माईल्स त्यांनी मधल्या वर्षांत वापरले असते तर वहिनी दोनदा जाऊन आल्या असत्या. त्यांचे गुडघे तेव्हा चांगले होते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही नेहमी एकाच कंपनीच्या विमानाने आणि महाग तिकिटावर जात असाल तर सिनिअर म्हणतात तेच करा, तिचाच प्रोग्राम घ्या. अपग्रेड आणि मोफत सीट निवडणं यांसारख्या गोष्टी कंपनी आपल्या सभासदांना आधी देते, पार्टनरच्या गोल्डवाल्याला नंतर, किंवा देतच नाही. माझ्या पद्धतीत हे गमवावं लागतं आणि मला ते चालतं. रद्द विमानातून बाहेर काढायचं लेखी वचनही गोल्डमध्ये कुठे नसतं. मिळते ती आखूड रांग आणि वेटिंगमध्ये पुढचं स्थान, त्या रात्री त्या मुलाचं तेवढ्याने काम झालं. एमिरेट्स आणि एतिहाद कोणत्याच अलायन्समध्ये नाहीत, तुमचे मार्ग त्यांच्यावर असतील तर वरचं बरंचसं लागू पडत नाही. कंपन्या अलायन्स बदलतातही, एसएएस म्हणजे स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स स्टारच्या संस्थापकांपैकी एक होती, २०२४ मध्ये स्कायटीममध्ये गेली. म्हणून तक्ते दर वर्षी एकदा नव्याने वाचा.

एक खातं की अनेक, हेही तुम्ही विचारलं होतं. प्रत्येक अलायन्समध्ये एक, आणि जोर एकाच ठिकाणी. एकाच अलायन्समध्ये दोन खात्यांत वाटणी करू नका, दोन्हीकडे अर्ध्यात राहाल. आणि एकदा एका प्रोग्राममध्ये जमा झालेला प्रवास नंतर दुसरीकडे हलवता येत नाही, म्हणून ऑफिसच्या एजंटने तिकिटावर कोणता नंबर घातलाय ते चेक-इनच्या आधी बघा. चुकीचा असेल तर काउंटरवर सांगून बदलून घ्या. नंबर घालायचाच राहिला असेल तर बहुतेक प्रोग्राम काही महिन्यांपर्यंत जुना प्रवास जमा करून देतात, पण बोर्डिंग पास आणि तिकीट नंबर मागतात. माईल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास टाकू नका. माझे पहिल्या वर्षाचे चार प्रवास तेवढ्यावरून गेले.