वाचक विचारतात : ड्रेसाज बघायला गेलं की नेमकं बघायचं काय?

प्रश्न : आमची लेक जर्मनीत कोलोनला नोकरीला असते. 2026 च्या ऑगस्टमध्ये आखेनला घोडेस्वारीची वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे, तिथे ती आम्हाला ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या कवायतीची स्पर्धा, दाखवायला नेणार म्हणते. घोडे म्हणजे आम्हाला आपला पुण्याचा रेसकोर्स तेवढा माहिती. यूट्यूबवर ड्रेसाज बघितलं तर घोडा नुसता ठुमकत चाललाय असं वाटलं, कोण भारी कोण साधं काही कळेना. कुठल्या दिवसाचं तिकीट काढू? आणि टाळ्या वगैरे कधी वाजवायच्या? – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : काकू, सगळे फ्रीस्टाइलच्या तिकिटामागे धावतात कारण त्यात म्युझिक असतं, पण तुम्ही पहिल्यांदा जाताय तर ग्रां प्रीचं, म्हणजे पहिल्या फेरीचं, तिकीट काढाच. कारण सांगतो. ग्रां प्रीत प्रत्येक घोड्याला तीच टेस्ट, त्याच क्रमाने, 60 बाय 20 मीटरच्या त्याच रिंगणात करायची असते, साधारण सहा मिनिटांत. पहिले दोन-तीन घोडे सारखेच वाटतील, मग कधीतरी एक घोडा येतो आणि त्याच कोपऱ्यातून तोच ट्रॉट (दुडकी चाल) करत असा निघतो की तुम्ही आपोआप खुर्चीत पुढे सरकता, आणि तिथून पुढे तुम्हाला फरक दिसायला लागतो, कुणी सांगावं लागत नाही. फ्रीस्टाइलला प्रत्येकाची रचना वेगळी आणि वर गाणं, त्यामुळे नवीन माणूस गाण्यातच अडकतो. शिवाय वर्ल्ड चॅम्पियनशिपला ग्रां प्रीमधले पहिले 30 पुढे ग्रां प्री स्पेशल या दुसऱ्या फेरीला जातात आणि त्यातले 15 फ्रीस्टाइलला, म्हणजे सगळे देश, सगळे घोडे बघायचे तर हाच टप्पा. दोन दिवस जमत असेल तर दुसरं तिकीट फ्रीस्टाइलचं काढा.

आता बघायचं काय, तर सुरुवातीला तीनच गोष्टी धरा. पियाफ म्हणजे जागच्या जागी ट्रॉट. त्यात मागचा भाग खाली बसलेला आणि पुढचा हलका झालेला दिसला पाहिजे, नुसते पाय आपटणं म्हणजे पियाफ नाही. पसाज म्हणजे तोच ट्रॉट पुढे जाणारा पण संथ, प्रत्येक पावलाला घोडा क्षणभर हवेत थांबल्यासारखा. आणि तिसरी वन टेम्पी, कँटरमध्ये (संथ दौडीत) तिरक्या रेषेवर दर पावलाला आघाडीचा पाय बदलत जायचा, असे सलग 15 बदल. त्यातला एक जरी चुकला तरी अख्ख्या स्टेडियममधून एक "अर्रर्र" निघतं. हे बदल समोरून, म्हणजे आखूड बाजूने बघितले की घोडा सरळ जातोय का वाकडातिकडा ते लगेच कळतं, तर पियाफ-पसाजला लांब बाजूची सीट बरी. मला विचाराल तर लांब बाजूचीच घ्या.

टाळ्यांचं म्हणाल तर इथे रेसकोर्सच्या बरोबर उलटं आहे. रेसकोर्सवर शेवटच्या दोनशे मीटरला अख्खा स्टँड ओरडत असतो, इथे बेल वाजली आणि घोडा आत आला की चिडीचूप. मध्ये थांबून सॅल्यूट, तो झाला की पुढच्या हालचाली, आणि शेवटी पुन्हा सॅल्यूट, तो झाला की मनसोक्त टाळ्या वाजवा. घोडा आत असताना सीटवरून उठायचं नाही, दोन घोड्यांच्या मधेच ये-जा करायची, फ्लॅश बंद. आणि छत्री नको, रेनकोट न्या. शेजारी अचानक छत्री उघडली तर ऑलिंपिकचा घोडासुद्धा बिचकतो.

अजून एक, वॉर्मअपचं रिंगण जिथून दिसतं तिथे अर्धा-पाऊण तास नक्की उभे राहा. स्वार कानात इअरपीस घालून कोचचं ऐकत असतो, घोडा एकच वळण पुन्हा पुन्हा घेत असतो. आतल्या सहा मिनिटांत जे सोपं दिसतं ते कुठून येतं ते इथे कळतं, मला तर कधी कधी स्पर्धेपेक्षा हेच जास्त आवडतं.

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकला अनुष अगरवालाला 66 टक्के मिळाले आणि तो बाहेर गेला. 66 टक्के एवढे वाईट असतात का? – नववीतली वाचक, बाणेर

उत्तर : अजिबात नाही! ड्रेसाजचे टक्के दहावीच्या टक्क्यांसारखे वाचायचे नसतात. प्रत्येक हालचालीला प्रत्येक जज 0 ते 10 मध्ये मार्क देतो, अर्धे मार्कही चालतात. 6 म्हणजे समाधानकारक, 7 म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, 8 म्हणजे चांगलं, आणि 10 क्वचितच. पिरूएटसारख्या (जागच्या जागी गोल वळणं) काही हालचालींचे मार्क दुप्पट धरतात, मग सगळ्या जजेसची सरासरी. ऑलिंपिकला सात जज असतात, रिंगणाभोवती वेगवेगळ्या जागी बसलेले, त्यामुळे एकाच पियाफला एकजण 7 आणि दुसरा 8 देतो तेव्हा लगेच पक्षपात म्हणू नकोस, दोघांना दोन बाजू दिसलेल्या असतात.

अनुषचा स्कोअर 66.444 होता, घोडा सर कॅरॅमेलो ओल्ड. ड्रेसाजमध्ये ऑलिंपिकला उतरलेला तो पहिला भारतीय आहे, कोलकात्याचा मुलगा, लहान वयात जर्मनीला जाऊन तिथेच शिकला. त्याआधी 2023 मध्ये हांगझोऊ एशियन गेम्सला त्याने, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी मिळून टीमचं गोल्ड आणलं, घोडेस्वारीतलं आपलं 1982 नंतरचं पहिलं गोल्ड, आणि अनुषला वैयक्तिक ब्राँझही मिळालं. पॅरिसला फ्रीस्टाइलचं गोल्ड जर्मनीची जेसिका फॉन ब्रेडो-व्हेर्नडल आणि तिची घोडी डालेरा यांनी 90.093 ला घेतलं. ते अंतर मोठं आहे हे खरंच, पण जर्मनीत ही परंपरा पिढ्यान् पिढ्यांची आहे आणि आपला मुलगा तिथे त्याच टेस्टला उभा राहिला याचा मला फार अभिमान वाटतो.

प्रश्न : हे सगळं घोड्याला मारून-मुटकून करवून घेतात असं वाचलं. मग बघायला जावं का? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्या ब्रिटिश स्वार शार्लट दुजार्दिनच्या आणि तिच्या व्हॅलेग्रो घोड्याच्या नावावर फ्रीस्टाइलचा 94.300 चा रेकॉर्ड आहे, लंडन, डिसेंबर 2014, तिचाच ट्रेनिंगमध्ये घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाचा व्हिडिओ 2024 ला बाहेर आला, तिने पॅरिसमधून माघार घेतली आणि तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. ती शिक्षा योग्यच होती असं माझं मत आहे.

तरीही मी म्हणेन जा, पण घोड्याकडे बघायला जा. तोंड मिटलेलं, ओठांवर थोडा फेस आणि जबडा सैल असेल तर घोडा ठीक आहे. तोंड उघडं पडतंय, जीभ निळसर दिसतेय, शेपटी सतत फटकारतोय, मान इतकी वळवलीय की हनुवटी छातीला लागायला आलीय, तर काहीतरी चुकतंय. जबरदस्तीने मान अशी वाकवणं एफईआयने (घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय संघटना) 2010 मध्येच अमान्य ठरवलंय, तोंडात रक्त दिसलं तर घोडा बाद होतो, आणि 2025 पासून नोजबँड (नाकावरून बांधायचा पट्टा) किती घट्ट बांधलाय ते मोजायचं ठराविक उपकरण आलंय. हे नियम आपोआप नाही झाले, लोकांनी फोटो काढले, आरडाओरडा केला म्हणून झाले. बघणारे जितके जाणकार तितकं घोड्याचं भलं, म्हणून तुमच्यासारख्यांनी तर जायलाच हवं.

शेवटच्या सॅल्यूटनंतर स्वार लगाम सैल सोडतो तेव्हाही बघा. घोडा मान लांब करून खाली सोडतो, नाकातून फुरफुरतो, आरामात चालत बाहेर जातो, की अजून तणतणतोच आहे?

आणि हे शिकायला आखेनच लागतं असं नाही, पुण्याच्या आसपासच्या रायडिंग क्लबांत सकाळच्या वेळी ट्रॉट-कँटर चालू असतात, आधी फोन करून विचारा आणि कुंपणापाशी उभे राहून बघा. फक्त खिशात गाजर नेऊन परस्पर भरवू नका, आधी तिथल्या सईसाला विचारा.