ज्योत पिवळीच काऊन?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): पोरगी बारावीत आहे. म्हणते केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमधे तारेवर कोणतंही सॉल्ट घेऊन ज्योतीत धरा, ज्योत पिवळीच, पोटॅशियमची जांभळी दिसतच नाही. असं काऊन?

उत्तर: सोडियम, दुसरं काय! घामातलं मीठ तारेला लागलं तरी पुरे, त्यातल्या सोडियमचा ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा इतका भडक की पोटॅशियमचा फिक्कट जांभळा पार दबून जातो. तार कॉन्सन्ट्रेटेड एचसीएलमधे (हायड्रोक्लोरिक आम्लात) बुडवून ज्योतीत धरायची, रंग यायचा बंद होईस्तोवर परत परत, अन् मग निळ्या कोबाल्ट काचेतून पाहायचं, ती पिवळा अडवते. बेरियमचा पोपटी, तांब्याचा निळसर हिरवा ठीक, पण लिथियम आणि स्ट्रॉन्शियमचे लाल भल्याभल्यांना चकवतात. तिथे स्पेक्ट्रोस्कोपच (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) लागतो, १८६० मधे बन्सन आणि किरचॉफ या जर्मन शास्त्रज्ञांना सीझियम हे मूलद्रव्य त्यानंच सापडलं.