मंगळवारी तू आली नाहीस तर फोन कुणाचा येईल?

स्वातीताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या त्या प्लॅस्टिकची फाइल घेऊनच. (नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही. बडोद्याचं मराठी जग एवढंसं आहे की दांडिया बाजारात शिंकलं तर रावपुऱ्यात कळतं.) फाइलमध्ये त्यांच्या मुलीच्या, ऋताच्या, शाळेतल्या क्लबांची टाइप केलेली यादी होती: एमयूएन (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची लुटुपुटूची आवृत्ती), रोबोटिक्स, डिबेट, पर्यावरण, डान्स, शाळेचं मासिक आणि सातवं एक 'इनिशिएटिव्ह', म्हणजे इन्स्टाग्रामवरचं एक पान, ज्यावर तीन पोस्ट होत्या. खाली निळ्या पेननं लिहिलं होतं, 'आठवा कोणता?'

ऋता शेजारी बसून नखावरचं पॉलिश खरवडत होती. अकरावीत होती. दहावीपर्यंत साध्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकली आणि जूनपासून भायलीकडच्या एका इंटरनॅशनल शाळेत, आयबी डिप्लोमाला, म्हणजे अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला. मला भेटली तेव्हा जानेवारी चालू होता. माझ्याकडे येण्याचं कारण मात्र आठवा क्लब नव्हताच. गेले तीन महिने दर रविवारी संध्याकाळी तिचं पोट दुखायचं. सोनोग्राफी झाली, जंतांचं औषध झालं, डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं. पोटाला वार कळतो म्हटल्यावर माझं लक्ष फाइलवरून उठलं.

"मॅडम, तिला आराम हवाय हे कळतं हो मला," स्वातीताई म्हणाल्या, "पण माझी बहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते तिकडे नुसते मार्क बघत नाहीत, ॲक्टिव्हिटी बघतात. आता सोडलं आणि उद्या फॉर्म रिकामा राहिला तर? ही फी भरतोय कशासाठी मग?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. कधी उलट्या बाजूनं: 'आमचा कुठल्याच क्लबात नाही, त्याचं काय होणार?' त्यामुळे आधी व्यवहाराचं बोलून घेतलं. घाबरलेल्या आईला नियम माहीत नसतील तर भावनांबद्दल कितीही बोला, तिच्या डोक्यात फॉर्मच फिरत राहतो.

आयबी डिप्लोमाचे एकूण गुण ४५. त्यातले ४२ सहा विषयांचे, उरलेले ३ थिअरी ऑफ नॉलेज (ज्ञान म्हणजे काय याचा विषय) आणि एक्स्टेंडेड एसे (दीर्घ निबंध) मिळून. क्लब वगैरे ज्या खात्यात मोडतात ते 'कॅस', म्हणजे क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस. त्याला गुण एकही नाही, पण ते पूर्ण झालं नाही तर डिप्लोमाच मिळत नाही. म्हणून मुलं धास्तावतात. ऋताला एका सीनियरनं '१५० तास भरावे लागतात' असं सांगितलं होतं आणि ती वहीत तास मोजत होती. तासांचा तो हिशेब जुना. आता साधारण १८ महिने सातत्य हवं, सात लर्निंग आउटकम्स, म्हणजे यातून काय शिकलो त्याच्या ठरलेल्या गोष्टी, कुठे ना कुठे दिसायला हवेत, निदान महिनाभर चाललेला एक प्रकल्प हवा, इतरांबरोबर मिळून केलेला, आणि जे केलं त्याबद्दल विचार करून लिहायला हवं. सात क्लब हवेत असं कुठेच म्हटलेलं नाही. आणि हे सगळं शाळेच्या आवारातच व्हायला हवं असंही नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथली बरीच विद्यापीठं जो 'कॉमन ॲप' नावाचा सामायिक अर्ज वापरतात, त्यात ॲक्टिव्हिटीसाठी दहा रकाने असतात. प्रत्येकात वर्णनाला फक्त १५० अक्षरं, स्पेस धरून. दहा रकाने दिसले की आपल्याकडे ते भरायचेच असतात, जेवणाच्या ताटासारखे. तसा नियम नाही. इंग्लंडच्या अर्जात सगळं निवेदन ४,००० अक्षरांत बसवायचं, आता तीन प्रश्नांत विभागून, आणि भर विषयावर. ज्याला भारतात जेईई देऊन आयआयटीत जायचंय त्याच्या क्लबांना तर तिथे जागाच नाही. तेव्हा पहिला प्रश्न क्लबांचा नसून जायचं कुठे हा आहे. तो या घरात अजून कुणी विचारलाच नव्हता.

स्वातीताईंना बाहेर बसवलं आणि ऋतापुढे कालनिर्णयाचं जानेवारीचं पान ठेवलं. एक आठवडा भर म्हटलं, खराखुरा. सातची बस, सव्वातीनपर्यंत शाळा, पाचपर्यंत क्लब, घरी यायला सहा, साडेसहा ते साडेआठ ट्यूशन, मग जेवण, मग गृहपाठ रात्री साडेबारापर्यंत. सकाळी सव्वासहाला उठायचं. शनिवारी एमयूएनचा सराव आणि डान्स. म्हणजे झोप पावणेसहा तास, तीही पडल्या पडल्या लागली तर. खाणंपिणं, रडू येणं, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटणं हे सगळं मी विचारलं, तसं ते विचारावंच लागतं. सुदैवानं तिथवर गोष्ट गेली नव्हती.

"तुला यातलं आवडतं काय?"

"आवडतं सगळंच. पण कशालाच जाववत नाही."

मग मी तिला वेगळं विचारलं. समज, मंगळवारी तू गेलीच नाहीस. फोन कुणाचा येईल?

ती विचारात पडली. पर्यावरणवाल्यांचा नाही, तिथे साठ जण आहेत. रोबोटिक्सचा नाही, "तिथे मी फोटो काढते." डान्सचा नाही. डिबेटचा मेसेज येईल, पण सगळ्यांना जातो तोच. एमयूएनचा येईल, फी भरायची राहिली तर. मासिकाचा मात्र येईल, कारण पानं ती लावते, ती नसेल तर अंक अडतो. एवढं सांगून ती थांबली आणि हसली. पहिल्यांदाच. "आणि काकांचे सहा येतील."

काका म्हणजे गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. आठवीपासून मंडळाचा हिशेब ऋताकडे आहे हे फाइलमध्ये नव्हतं. वर्गणीची पुस्तकं, पावत्यांचे क्रमांक, मांडववाल्याचा ॲडव्हान्स, नवलखीच्या कृत्रिम तळ्यापर्यंत जायच्या टेम्पोचं भाडं, सगळं तिच्या वहीत. ढोलवाल्याशी घासाघीस तीच करते, गुजरातीत, कारण काकांना राग लवकर येतो. एका वर्षी पावतीपुस्तकाची दोन पानं गहाळ झाली, तर ही घरोघर जाऊन प्रत्येकाकडची पावती बघून आली. बोलताना तिचे हात नखांवरून सुटले होते.

इथे माझी चूक झाली. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "अगं, हीच तुझी खरी ॲक्टिव्हिटी! हे लिही!"

पुढच्या भेटीत ती लॅपटॉप घेऊन आली. मंडळाला इंग्रजी नाव मिळालं होतं, त्यात 'युथ-लेड' होतं आणि 'कम्युनिटी फायनान्स' होतं. लोगो होता. गल्लीतल्या आज्यांना भरायला एक फीडबॅक फॉर्म होता, पाच चांदण्यांचा. काका म्हणाले होते, "बाळा, हे काय गं, मला मार्क द्यायचे का गणपतीला?" आणि त्या रविवारी पोट पुन्हा दुखलं होतं.

सातावर आठवा क्लब मीच चढवला होता. स्वातीताईंचा प्रश्न मी फक्त जरा शहाण्या भाषेत सोडवून दिला होता. तसं ऋताला सांगितलं, तिची माफी मागितली. लोगो पुसला. फीडबॅक फॉर्म फाडला. (एका आजीनं चार चांदण्या दिल्या होत्या, 'प्रसाद कमी होता' म्हणून. तेवढा कागद ऋतानं ठेवून घेतला.)

त्याच दिवशी मी विचारलं की हे सात क्लब तू घेतलेस तरी कसे? आईनं सांगितलं म्हणून? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, आईला तर यादी नंतर कळली. जुलैत शाळेच्या हॉलमध्ये क्लबांची टेबलं मांडली होती. बाकीची मुलं पहिलीपासून एकत्र, सगळ्यांचे ग्रुप ठरलेले. हिच्याशी कॉरिडॉरमध्ये कुणी बोलायचं नाही. त्या टेबलांमागची मुलं मात्र हसून "हाय, जॉइन अस!" म्हणत होती. जिथे कुणी हसलं तिथे हिनं नाव लिहिलं.

"कॅफेटेरियात सगळे ट्रे घेऊन बसतात. माझा डबा असतो. क्लब असेल त्या दिवशी त्यांच्या टेबलावर बसता येतं. सोमवारी कुठलाच क्लब नसतो. सोमवारी मी डबा लायब्ररीच्या जिन्यात खाते."

म्हणजे रविवारचं पोट सोमवारच्या डब्यासाठी दुखत होतं. दोन भेटी आम्ही तिघी अमेरिकेबद्दल बोलत होतो आणि मुलीला लायब्ररीच्या जिन्याची भीती वाटत होती.

म्हणून माझं आता असं झालंय की कुणी क्लबांची संख्या विचारली की मी आधी विचारते, या क्लबातून तुमच्या मुलाला काय मिळतंय? कुणाला मित्र मिळतात, कुणाला घरापासून दोन तास सुटका मिळते, कुणाला खरंच रोबोट आवडतो. क्लब सोडायला सांगताना ती गोष्टही हातातून जाणार, आणि तिची सोय केली नाही तर मूल आणखी एकटं पडतं.

आधी सोमवार सोडवला. मासिकातल्या एका मुलीला ऋतानं स्वतः विचारलं, सोमवारी पानं बघत जेवायचं का. हे एक वाक्य म्हणायला आम्हाला दोन भेटी तयारी करावी लागली. ती मुलगी नुसतं "हो, चल ना" म्हणाली. मग ऋतानं एकेक करून चार क्लब सोडले, प्रत्येक शिक्षकांना समक्ष भेटून. एमयूएनच्या सरांनी 'लीडरशिप'वर पाच मिनिटं ऐकवलं, ते तिनं ऐकून घेतलं. मासिक ठेवलं. डिबेट ठेवलं, जोडीदाराला ऐन वेळी सोडायचं नाही म्हणून. आणि डान्स, "कारण तिथे घाम येतो."

चौथ्या भेटीला वडील आले. वडोदऱ्यातल्याच पॉलिटेक्निकचे, कमी बोलणारे. म्हणाले, "मी संध्याकाळी माणिकरावांच्या आखाड्यात मल्लखांब करायचो. त्याचा कुठे काही उपयोग झाला का असं कुणी विचारलं नाही मला." स्वातीताई म्हणाल्या, "तुम्हाला कुठे अमेरिकेला जायचं होतं?" त्यावर दोघंही हसले. खोलीत त्या दिवशी हवा जरा हलकी झाली.

मंडळाचं काय करायचं ते ऋतावर सोडलं. मार्चमध्ये तिनं आपणहून ठरवलं की कॅसमध्ये घ्यायचं. कोऑर्डिनेटर मॅम समजूतदार निघाल्या. पूजा-आरती धरता येणार नाही, पण वर्गणी, हिशेब आणि विसर्जनानंतरची सफाई येईल. देखरेखीला वडील किंवा नात्यातलं कुणी नको. आणि झालेल्या वर्षांचं काही धरणार नाही, येत्या गणपतीचं आधी ठरवून करायचं. काकांनी सही करायचं कबूल केलं, चांदण्या द्यायच्या नाहीत या अटीवर.

गणपतीच्या आधी ती पावतीपुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मी ५०१ दिले. तिनं कार्बन नीट लावला, पावती फाडली, आणि म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही दिली नव्हती, वहीत आहे."

पोट आता क्वचित दुखतं, परीक्षेच्या आधी. कॉमन ॲपच्या एका रकान्यात तिनं १५० अक्षरांत बसवलं: गल्लीच्या गणेश मंडळाची खजिनदार, वर्गणी, पावत्या, ढोलवाल्याशी घासाघीस. 'घासाघीस'ला इंग्रजी शब्द शोधण्यात आमची वीस मिनिटं गेली. दहापैकी सहा रकाने भरलेत. उरलेल्या चारांबद्दल स्वातीताई अजून अधूनमधून फोन करतात, आणि मी उचलते.