आठ प्रकार नकोत, दोन करा. पण कडकडीत वाळवा

तुमची आठ प्रकारांची यादी वाचली आणि मला माझंच पहिलं टेबल आठवलं. तुम्ही लिहिलंय की घरच्या कुत्रीसाठी बिस्किटं करता करता ओळखीचे लोक मागायला लागले, आता शनिवार-रविवारच्या बाजारात जागा मिळतेय. पाकिटं किती दिवस टिकतील, भाव कसा लावायचा, वाळवलेलं मांस ठेवावं का, हे तुमचे प्रश्न. मी सहा वर्षं हेच करतेय. पहिल्या दिवशी माझ्याकडे नऊ प्रकार होते, प्रत्येकाची चार-चार पाकिटं. संध्याकाळी टेबल आवरताना लोकांना नक्की काय आवडलं हे मला धड सांगता येत नव्हतं. आज दोनच प्रकार करते, क्वचित तिसरा.

प्रकार वाढवायची हौस आपली असते, कुत्र्याची नाही. माणसाच्या जिभेवर साधारण 9,000 रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर 1,700 च्या आसपास. त्याचा सगळा कारभार नाकावर. कलेजीचा वास आला की आत रताळं आहे की भोपळा, याची तो फिकीर करत नाही. लाल-हिरव्यातला फरकही त्याला नीट कळत नाही, तेव्हा बिटाचा गुलाबी रंग हा निव्वळ मालकासाठी. मालकासाठी काही करू नये असं मी म्हणत नाही, पैसे तोच देतो. पण आठ प्रकार म्हणजे आठ वेगवेगळ्या वाळण्याच्या वेळा, आठ लेबलं आणि चूक व्हायच्या आठ जागा.

आता मुख्य गोष्ट. या धंद्यात तुमचा शत्रू एकच, ओल.

दुसऱ्या वर्षी दमट दिवसांत एक बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि काही न बोलता एक पाकीट समोर ठेवून उभ्या राहिल्या. आत राखाडी बुरशी. नऊ दिवसांपूर्वी घेतलेलं पाकीट. चूक पूर्ण माझी होती. आदल्या रात्री उशीर झाला म्हणून मी बिस्किटं कोमट असतानाच पाकिटं सीलबंद केली होती. आतली वाफ बाहेर पडायला जागाच नाही, ती थंड होऊन बिस्किटांवरच बसली. त्या घाण्याची चाळीस पाकिटं गेली होती आणि कुणाला गेली याची माझ्याकडे कसलीही नोंद नव्हती. पुढचे दोन आठवडे मी येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारत होते. कुठलं कुत्रं आजारी पडलं नाही हे माझं नशीब.

तेव्हा मी वॉटर ॲक्टिव्हिटी या भानगडीत शिरले. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा जंतूंना वापरता येईल असं पाणी किती, याचं ते माप. शुद्ध पाणी म्हणजे 1. पावासारख्या मऊ पदार्थात ते 0.95 च्या आसपास असतं. 0.85 च्या खाली आजार करणारे जिवाणू वाढत नाहीत, पण बुरशी त्याच्याही बरीच खाली तग धरते. 0.60 च्या खाली काहीच वाढत नाही. घरी केलेलं, दाबलं की किंचित दबणारं बिस्किट हे बुरशीचं माहेरघर. बाहेरून कडक लागलं तरी मध्ये ओल असते, आणि पाकिटात ती ओल हळूहळू सगळीकडे पसरते. म्हणून काल कुरकुरीत असलेलं बिस्किट चार दिवसांनी सादळलेलं सापडतं.

मी काय करते ते सांगते. कणीक घट्ट भिजवते, 5 ते 6 मिलिमीटर जाडीवर एकसारखी लाटते. एकसारखी या शब्दावर जोर आहे, कारण सगळा ट्रे सर्वांत जाड बिस्किटाच्या हिशोबाने वाळवावा लागतो. 165 अंश सेल्सियसला 25 मिनिटं भाजते. मग आच 90 अंशांवर आणून दोन-तीन तास वाळवते, ओव्हनचं दार बोटभर उघडं ठेवून. मधूनमधून ट्रे वजनकाट्यावर ठेवते. अर्ध्या तासाच्या अंतराने केलेली दोन वजनं सारखी आली की झालं. त्यानंतर जाळीवर पूर्ण गार करायचं, घाई असली तरी. मग सर्वांत जाड बिस्किट मधून मोडायचं. टचकन तुटलं पाहिजे आणि आतला रंग कडेसारखाच हवा. दोन-चार बिस्किटं पारदर्शक पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून धुकं दिसलं तर सगळा घाणा परत ओव्हनमध्ये. पिशवी कोरडी राहिली म्हणजे महिनोन्‌महिने टिकेल असा त्याचा अर्थ नाही, आजचा घाणा फसलेला नाही एवढाच.

(कुत्र्यांची बिस्किटं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विकणारे जेम्स स्प्रॅट यांना ही कल्पना जहाजांवरच्या कडक बिस्किटांवरून सुचली असं सांगतात. गोष्ट 1860 च्या सुमाराची. ती बिस्किटं समुद्रावर महिनोन्‌महिने टिकायची, कारण त्यांत ओलच नसायची. तेव्हा प्रिझर्व्हेटिव्ह घालू का या तुमच्या प्रश्नाला दीडशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय.)

व्हिटॅमिन ई घातलं तर टिकेल असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. ते तेल खवट होण्यापासून थोडं वाचवतं, बुरशीला अडवत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिस्किट वाळलेलं असलं की पुढचा शत्रू खवटपणा, म्हणून तेल कमी घाला आणि पाकीट उन्हात ठेवू नका. मुदत किती लिहायची, हे मात्र तुमच्या घाण्यालाच विचारावं लागेल. बाजारात जाण्याआधी एक घाणा करा, दहा पाकिटं साध्या कपाटात ठेवा, दर आठवड्याला एक उघडा, वास घ्या, मोडून बघा, वहीत लिहा. ज्या आठवड्यात शंका आली त्याच्या निम्मी मुदत लेबलावर टाका. जमलं तर एखाद्या प्रयोगशाळेतून एकदा वॉटर ॲक्टिव्हिटी तपासून घ्या. रोज करायची गरज नाही, कृती पक्की झाल्यावर एकदा.

वाळवलेल्या मांसाबद्दल माझं मत कडक आहे. पहिलं वर्षभर ठेवू नका. खप सर्वांत जास्त त्याचाच आहे हे मलाही माहीत आहे. पण वाळवल्याने जंतूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू कोरड्या पदार्थात आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, आणि तो कुत्र्यापेक्षा त्याला खाऊ देणाऱ्या पोराच्या हाताला जास्त महाग पडतो. डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे पदार्थ वाळवायच्या यंत्रात, मांस आधी वाळतं आणि मग तापतं. वाळत आलेल्या जंतूंना उष्णता सोसण्याची ताकद येते. म्हणून क्रम उलटा हवा. आधी तुकड्याच्या आत 74 अंश तापमान गाठायचं, थर्मामीटर खुपसून बघायचं, मगच वाळवायला टाकायचं. शिवाय मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं, एक किलोचे हातात 300 ग्रॅमच्या आसपास येतात. भाव लावताना लोक हे विसरतात आणि महिनाभर तोट्यात विकतात. 2007 पासून अमेरिकेत जर्की, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या तक्रारी आल्या, हजाराहून जास्त मृत्यूंची नोंद झाली, अनेक वर्षं तपास चालला आणि एक असं नक्की कारण हाती लागलं नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे उलगडलं नाही, त्याची जबाबदारी आपल्या स्वयंपाकघरातून घेताना मला तरी धडकी भरते.

कलेजी मात्र मी वापरते, शिजवून वाटून, कणकेच्या एकदशांश. जास्त नको, तिच्यात व्हिटॅमिन ए भरपूर असतं आणि रोज फार गेलं तर अंगाला लागतं ते वाईट अर्थाने.

काय घालायचं नाही हे तुम्हाला बहुतेक ठाऊक असेल, तरी दोन फसव्या जागा दाखवते. पहिली पीनट बटर. काही ब्रँडच्या बरण्यांत झायलिटॉल ही साखरेऐवजीची गोडी असते, लेबलावर कधी बर्च शुगर या नावाने. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे 0.1 ग्रॅमनेही रक्तातली साखर धाडकन उतरू शकते, त्याहून बरंच जास्त गेलं तर यकृतही जाऊ शकतं. मी दाणे घरीच भाजून वाटते, तो प्रश्नच मिटला. दुसरी जागा तयार मसाले आणि स्टॉक. त्यांत बहुतेक वेळा कांदा-लसणाची पूड असते, आणि ती ताज्या कांद्यापेक्षा जास्त तीव्र. तिने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. जायफळही नको. द्राक्षं आणि मनुका यांच्याबद्दल लोक अजून वाद घालतात, की आमच्याने खाल्ल्या आणि काही झालं नाही. 2021 मध्ये पशुवैद्यांनी त्यामागे टार्टरिक ॲसिड असावं असं मांडलं. त्याचं प्रमाण द्राक्षागणिक बदलतं, म्हणून एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याच्या किडन्या जातात.

बिस्किटाचा आकार लहान ठेवा. खाऊ हा दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असं पशुवैद्य सांगतात. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 375 किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊचा वाटा 37. वाळलेलं दहा ग्रॅमचं एक बिस्किट तेवढंच भरतं. हाडाच्या आकाराचं तळहाताएवढं बिस्किट फोटोत छान दिसतं, पण एका बिस्किटात त्या जिवाचा दिवस संपला! मी दोन ग्रॅमचे चौकोन कापते, सुरीने, साच्याशिवाय. कडा वाया जात नाहीत आणि वाळतातही सारखे. कुत्र्यांना शिकवणारे लोक असेच तुकडे शोधत असतात, आणि तेच दर आठवड्याला परत येतात.

भावाबद्दल. साहित्याच्या तिप्पट लावा असं सगळे सांगतात. इथे तो हिशोब चालत नाही, कारण पीठ-भोपळा स्वस्त आणि तुमचे तास महाग. वाळवायचे तीन तास, कापायचे, भरायचे, लेबलं चिकटवायचे, टेबलामागे उभं राहायचे, सगळे मोजा. जागेचं भाडं मी पाकिटांत मोजते: सगळा खर्च वजा जाता एका पाकिटामागे जे उरतं, त्याने भाड्याला भागायचं. माझी पहिली अकरा पाकिटं जागेची, बारावं माझं. आणि हिशोब करताना नेलेल्या मालाच्या निम्माच खपेल असं धरा. भाव जास्त वाटला तर पाकीट लहान करा, भाव पाडू नका. एकदा पाडलेला भाव परत चढवताना गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

लेबलावर सगळे घटक, जास्तीपासून कमीकडे, निव्वळ वजन, घाण्याचा क्रमांक, मुदत आणि मोठ्या अक्षरात ‘कुत्र्यांसाठी’. हसू नका, माझ्या टेबलावर एका आजोबांनी नमुना तोंडात टाकून मीठ कमी आहे म्हणून सांगितलंय. घटक पूर्ण लिहायचे, कारण ॲलर्जी. 2016 च्या एका आढाव्यात कुत्र्यांना सर्वांत जास्त त्रास देणारे पदार्थ म्हणून गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू या क्रमाने निघाले. म्हणजे ‘गहू नाही’ एवढं लिहून मालकाची काळजी मिटत नाही. सांधेदुखी बरी होते, केस गळायचे थांबतात असलं काही लिहू नका. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावरून तुमचा खाऊ औषधात जमा होतो. परवान्याचं म्हणाल तर बहुतेक देशांत प्राण्यांचा खाऊ माणसांच्या खाद्यपदार्थांत न धरता पशुखाद्याच्या नियमांत येतो, त्यामुळे केक विकणाऱ्या शेजारणीचा परवाना तुम्हाला लागू पडेलच असं नाही. मांस घातलं की नियम आणखी आवळतात. आधी पशुखाद्य बघणाऱ्या खात्यात विचारा, मग छापखान्यात जा.

माझी वही साधी आहे: तारीख, पिठाची पिशवी कुठली, ओव्हनची वेळ, शेवटचं वजन, किती पाकिटं. प्रत्येक घाण्याचं एक पाकीट मुदत संपेपर्यंत घरी ठेवते. बुरशीच्या त्या बाईंनंतर ही सवय लागली. त्या अजून येतात, बरं का.

टेबलावर नमुने उघडे ठेवू नका, नाकाच्या उंचीवर तर नाहीच. आधी मालकाला विचारा, मग चिमट्याने त्याच्या हातात द्या, कुत्र्याच्या तोंडात तुम्ही घालू नका. दोन कुत्री एकदम आली की एकालाही देऊ नका, थोडं अंतर पडू द्या. खाऊवरून जुंपायला क्षण लागत नाही. पाण्याचं भांडं ठेवा, त्याने लोक थांबतात.

आणि तुमच्या कुत्रीला बाजारात न्यायचा विचार लिहिलाय, तो सोडा. मी माझ्या कुत्र्याला नेलं होतं, तो आमची जाहिरात करेल म्हणून. त्याने तो सगळा माल स्वतःचा समजला, आणि दुपारपर्यंत एकाही कुत्र्याला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही.